चेहऱ्याची देखभाल : नायसिनामाइडविषयी अनुभवाचे चार बोल

(गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्या मंडळाचे सभासद असून रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनियर, पी-वे, या पदावर सिकंदराबाद येथे काम करतात.)



मागच्या वर्षी याच व्यासपीठावरून मी ‘उन्हाळ्यात रूळ का वाकतो’ या विषयावर बोललो होतो. यंदा कार्यक्रम समितीने विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘चेहऱ्याला लावायचं नायसिनामाइड.’ आमचे सचिव क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘साहेब, हा विषय महिला मंडळाचा. तुम्ही खडी आणि स्लीपर सोडून इकडे कुठे?’ त्यांचंही बरोबर आहे. माझा डिप्लोमा सिव्हिलचा आणि वीसएक वर्षांची नोकरी सगळी रुळावरची. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगायला इथे उभा नाही. मी एकदा कसा फसलो, माझ्यामुळे घरात काय झालं आणि त्यातून काय शिकलो, एवढंच सांगणार आहे.

पी-वेच्या माणसाचं काम उन्हातलं. पायी तपासणी, पुश ट्रॉली, ब्लॉक मिळाला की चार-चार तास खडीवर उभं राहणं. मे महिन्यात रुळाचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. रूळ वाकू नये म्हणून आपण उन्हाळी गस्त घालतो, पण गस्त घालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कोण बघतो? चाळिशीच्या आसपास माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर काळपट डाग उमटले. आपल्याकडे याला वांग म्हणतात. हेल्मेटखालचं कपाळ एका रंगाचं आणि खालचा चेहरा दुसऱ्या, असा मी दुरंगी झालो होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये धाकट्या भावाचं लग्न ठरलं. नातेवाईक जमणार, फोटो निघणार. महिनाभर आधी मी एका मेडिकल दुकानात गेलो आणि म्हणालो, ‘डागांवर काहीतरी द्या.’ त्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही डॉक्टरांकडे जायचं मनात आणलं नाही. एक छोटी ट्यूब मिळाली. पंधरा दिवसांत चमत्कार! डाग फिके, चेहरा उजळ, लग्नात वहिनींपासून आत्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं, ‘काय भाऊजी, सिकंदराबादचं पाणी मानवलं वाटतं!’ मी फुशारून गेलो. लग्न आटोपलं, पण ट्यूब चालूच राहिली. एक संपली की दुसरी.

मार्चपासून गंमत सुरू झाली. एक दिवस लावलं नाही की चेहरा लाल. उन्हात गेलं की गालांना मिरची चोळल्यासारखी आग. गालांवर केसासारख्या बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. मे महिन्यात ट्रॉलीवर बसणं नकोसं झालं. आणि मग उपाय काय, तर पुन्हा तीच ट्यूब! ती लावली की दोन तासांत थंडावा. म्हणजे आजार आणि औषध एकाच ट्यूबमध्ये.

तरीही मी डॉक्टरांकडे गेलो नव्हतो. गेलो ते जुलैमध्ये, आणि माझ्यासाठी नाही. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. गालावर दोन मुरूम आले म्हणून न्हाणीघराच्या फळीवरची माझी ट्यूब ती गुपचूप लावत होती. का, तर ‘बाबांचा चेहरा छान झाला ना!’ दोन महिन्यांत तिचे दोन्ही गाल पुरळांनी भरले. शाळेत जायला तयार होईना. आज ती समोर बसली आहे आणि तिला विचारूनच मी हे सांगतो आहे. त्या दिवशी आरशात माझा चेहरा मी नीट पाहिला आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि माझ्यापुढे धरली. त्यात तीन औषधं होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. बाई म्हणाल्या, ‘हे औषध वाईट नाही. आम्हीही लिहून देतो, पण ठरावीक आठवड्यांपुरतं आणि आमच्या नजरेखाली. तुम्ही आठ महिने ते क्रीम म्हणून लावलंत.’ स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, म्हणून चेहरा लगेच उजळ दिसतो. पण दीर्घकाळ लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येतं आणि बंद केलं की दुप्पट लाली उसळते. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांनी त्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं आहे, ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. नियम होता. मी चिठ्ठीशिवाय मागितली आणि दुकानदाराने दिली. दोष दोघांचा.

रुळावर काम करणाऱ्या माझ्या भावांना एक विशेष सांगतो. घामामुळे मांडीत नायटा होतो, त्यावरही हीच मलमं चोळली जातात. खाज थांबते, पण आतला नायटा पसरतच जातो आणि मग नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. तेव्हा चेहरा असो की मांडी, ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं, तर चिठ्ठीशिवाय हात लावू नका.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या दोघांचे चेहरे शांत व्हायला महिने लागले. बाईंनी सांगितलेल्या क्रमाने स्टेरॉइड सुटलं, साधं मॉइश्चरायझर आणि उन्हाचं क्रीम, एवढंच बराच काळ चाललं. त्यानंतर त्यांनी ४ टक्के नायसिनामाइडचं जेल लिहून दिलं. मी विचारलं, ‘हे किती दिवसांत गुण देईल?’ बाई हसून म्हणाल्या, ‘दिवसांत नाही, महिन्यांत. घाई झाल्यामुळेच तुम्ही इथे आलात ना?’

नाव मोठं वाटलं तरी नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्यालाच निकोटिनामाइड असंही म्हणतात. तंबाखूतल्या निकोटिनशी नाव जुळतं म्हणून घाबरू नका, दोन्ही पदार्थ वेगळे आहेत. आणि हे जीवनसत्त्व त्वचेशी किती जवळचं आहे, ते समजायचं असेल तर एका जुन्या रोगाची गोष्ट ऐकावी लागेल. त्या गोष्टीचा एक धागा आपल्या लालागुड्याच्या शेजारी, तार्नाक्यात आहे.

त्या रोगाचं नाव पेलाग्रा. इटालियन भाषेत अर्थ ‘खरखरीत कातडी’. १७३५ च्या सुमारास गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती हारासारखा काळपट, खरखरीत पट्टा. म्हणजे नेमकं ऊन लागतं तिथेच! पुढे जुलाब, मग बुद्धिभ्रम आणि शेवटी मृत्यू. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याने हाहाकार माजवला होता. लोकांना वाटे हा संसर्गाचा रोग. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरला तपासाला पाठवलं. त्याने एक साधी गोष्ट हेरली. अनाथालयात आणि वेड्यांच्या इस्पितळात राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांची सेवा करणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर त्यांनाही झाला असता. फरक होता तो ताटात. पुढे १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की उणीव आहे ती निकोटिनिक आम्लाची, म्हणजेच ब-३ ची.

आता तार्नाक्याचा धागा. आपण ज्याला एन.आय.एन. म्हणतो, ती राष्ट्रीय पोषण संस्था पूर्वी कुन्नूरला होती, १९५८ साली हैदराबादला आली. इथल्या डॉक्टरांना दिसलं की मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांतही पेलाग्रा आहे. आपली भाकरी, इथली जोन्न रोट्टे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असं मत मांडलं की ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि ते शरीरातल्या ब-३ च्या हिशेबात खोट आणतं. आता लगेच कोणी भाकरी सोडू नका! तो रोग झाला तो केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांना. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी, अंडी-मासे असतील तर काळजी नाही. शेंगदाण्यात तर ब-३ भरपूर. आपल्या आजीने भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी वाढली ती उगाच नव्हे. दारूच्या आहारी गेलेल्यांत मात्र हा रोग आजही आढळतो, तेवढं ध्यानात ठेवा.

मग प्रश्न येतो, पोटातून मिळतं तर चेहऱ्याला कशाला लावायचं? कारण लावल्यावर ते नेमकं हव्या त्या जागी, जास्त प्रमाणात पोहोचतं. तिथे काय काम करतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं काम बांधणीचं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी या विटा आणि मधला चुना म्हणजे सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ. चुना झिजला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. म्हणून कोरडेपणा, आग आणि खाज. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की नायसिनामाइडमुळे पेशी हा चुना जास्त तयार करतात. स्टेरॉइडने माझी भिंत पातळ झालेली, तिला याचीच गरज होती.

दुसरं काम डागांचं. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या रंग बनवून बारीक डब्यांत भरतात आणि शेजारच्या पेशींना पोहोचवतात. अशी एक पेशी सुमारे छत्तीस शेजाऱ्यांना माल पुरवते. म्हणजे लोडिंग सायडिंगच म्हणा ना! ऊन वाढलं की मागणी वाढते आणि डबे धडाधड सुटतात. नायसिनामाइड कारखाना बंद करत नाही, ते डबे सुटण्याचा वेग कमी करतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये ही वाहतूक ३५ ते ६८ टक्क्यांनी घटली. कारखाना शाबूत राहतो म्हणून वापर थांबवला की रंग हळूहळू पूर्वपदाला येतो. आणि ऊन तसंच राहिलं तर नायसिनामाइड एकटं पुरं पडत नाही.

तिसरं काम मुरूम आणि तेलकटपणाचं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मुरूम असलेल्या ७६ जणांपैकी काहींना ४ टक्के नायसिनामाइड आणि बाकीच्यांना १ टक्का क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आठ आठवडे लावायला दिलं. नायसिनामाइड कुठेही कमी पडलं नाही. प्रतिजैविकाला जंतू सरावतात, याला सरावण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या मुलीला याचाच उपयोग झाला.

वांगाविषयी एक प्रामाणिक आकडा सांगतो. मेक्सिकोतल्या २०११ सालच्या चाचणीत २७ स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ४ टक्के नायसिनामाइड आणि दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन लावलं. आठ आठवड्यांनी चांगला गुण दिसला तो नायसिनामाइडच्या बाजूला ४४ टक्के जणींत, हायड्रोक्विनोनच्या बाजूला ५५ टक्के जणींत. म्हणजे आपलं नायसिनामाइड थोडं मागे राहिलं. पण आग-लालीचा त्रास त्या बाजूला कमी झाला. मला हेच पटलं. गाडी थोडी उशिरा पोहोचली तरी चालेल, रुळावरून घसरायला नको.

आता वापराबद्दल. हे मुद्दे मी डॉक्टर बाईंना पुन्हा विचारून लिहून आणले आहेत.

१. डबीवर नायसिनामाइड किंवा निकोटिनामाइड हे नाव आणि टक्केवारी बघा. २ ते ५ टक्के पुरेसं. बाजारात १० टक्के आणि त्याहून तीव्र सीरम मिळतात. दुप्पट टक्के म्हणजे दुप्पट गुण नव्हे. आग मात्र वाढू शकते. अति तेथे माती.

२. आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस लावून बघा. खाज-लाली नाही, तर मग चेहऱ्याला.

३. रात्री सौम्य साबणाने तोंड धुऊन, टिपून, वाटाण्याएवढं घ्या आणि पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरा. वरून साधं मॉइश्चरायझर. सुरुवातीला एक दिवसाआड, मग रोज.

४. सकाळी उन्हाचं क्रीम, एसपीएफ ३० किंवा जास्त. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पट्टी ओढाल इतकं. बोटाच्या टोकावर घेऊन चार ठिपके दिले तर उपयोग नाही. उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. शिवाय टोपी आणि गमछा. आमच्या युनिटमध्ये मी आता पाण्याच्या कॅनबरोबर एक मोठी ट्यूब ठेवतो. सुरुवातीला ट्रॅकमन हसायचे. आता संपली की तेच आठवण करतात.

५. आठ ते बारा आठवडे धीर धरा. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. त्याआधी निकाल मागणं म्हणजे आज खडी टाकून उद्या शंभरची गती मागण्यासारखं.

६. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. चार सीरम एकदम लावलीत आणि पुरळ आलं, तर दोष कोणाचा ते कळणार नाही. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा हे चेहऱ्यावर नको.

७. आधीपासून स्टेरॉइडचं मलम चालू असेल तर मनाने एकदम तोडून नायसिनामाइड सुरू करू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. लाजू नका, मी लाजलो आणि आठ महिने घालवले.

८. गरोदर भगिनींनी आणि ज्यांना कातडीचा जुना आजार आहे त्यांनी आधी विचारूनच. ब-३ च्या गोळ्या मनाने घेऊ नका. नायसिनच्या गोळीने अंग तापून लालबुंद होतं आणि मोठ्या मात्रेत इतरही त्रास होतात.

यातून काय होणार नाही, तेही सांगतो. मानेवर मखमलीसारखा काळा जाड पट्टा असेल तर तो मळ नव्हे आणि त्याला क्रीमही नव्हे. वजन आणि रक्तातली साखर तपासा. फिका चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, तर तोही दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नायसिनामाइड कोणालाही गोरं करत नाही. ऊन आणि डागांनी आलेला काळपटपणा ते थोडा कमी करतं, आपला मूळ रंग आपलाच राहतो.

ही गोष्ट मुलांना सांगायच्या आधी आपण मोठ्यांनी ऐकायला हवी. माझ्या घरी ट्यूब आली ती माझ्या मनातल्या ‘फोटोत बरं दिसलं पाहिजे’ या इच्छेतून. मुलीला कोणी शिकवलं नव्हतं, तिने बापाकडे बघून घेतलं. लग्नाच्या स्थळात ‘रंग उजळ’ लिहिणारे आपणच आणि मुलं बाजारातल्या क्रीमच्या नादी लागली की ओरडणारेही आपणच.

माझा चेहरा आज कसा आहे, ते पुढच्या रांगेत बसलेल्यांना दिसतंच आहे. डाग फिके झाले, गेले नाहीत. गालावरच्या दोन-चार शिरा अजून आहेत, त्या माझ्या घाईची आठवण म्हणून राहतील. मुलीचे गाल मात्र स्वच्छ झाले. परवा आरासीच्या वेळी तिच्या मैत्रिणीने तिला विचारलं, ‘मुरमांना काय लावू गं?’ तर ती म्हणाली, ‘आधी ट्यूबच्या मागचं वाच.’ ते ऐकून मला वाटलं, माझी फी वसूल झाली.

आम्ही पी-वेवाले एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलो आहोत. रूळ एका रात्रीत बिघडत नाही आणि एका रात्रीत सुधारतही नाही. रोज की-मन चालतो, एक एक चावी ठोकतो, म्हणून गाडी सुखरूप जाते. चेहऱ्याचंही तेच. पंधरा दिवसांत चमत्कार करणारी ट्यूब कोणी हातात दिली तर आधी थांबा, वाचा आणि विचारा. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना घरातल्या ट्यूबवरचं नाव वाचता येत नसेल, त्यांनी ती घेऊन माझ्याकडे या. मी औषध सांगणार नाही, पण त्यात स्टेरॉइड आहे का, एवढं नक्की वाचून दाखवीन आणि डॉक्टर बाईंच्या ओपीडीचा दिवसही सांगेन.

 गणपती बाप्पा मोरया!